जानेवारीत मनालीच्या वर गाडी नेताय? हीटर, सेल्फ आणि पहाटे निघायची सवय

तुम्ही विचारलंय की २६ जानेवारीच्या सुट्टीला पुण्याहून स्वतःची डिझेल एसयूव्ही (बीएस सहा या प्रदूषण मानकाची, चार वर्षं जुनी) घेऊन मनालीला जाताय, बरोबर बायको, दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांची आई, त्यात एक रात्र अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सूला होमस्टेमधे काढायची आहे, आणि तुमचे प्रश्न तीन. हीटर किती नंबरवर ठेवायचा, सकाळी इंजिन किती मिनिटं गरम करायचं, आणि बर्फात टायरवर बांधायच्या चेन घ्याव्यात का. मला काका म्हणालात म्हणून घरच्यासारखं सांगतो, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा.

मी चोवीस वर्षं सैन्यात ईएमई मधे (सैन्याची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) गाड्यांचा मेकॅनिक होतो, त्यातले बरेच हिवाळे द्रास, कारगिल आणि लेहच्या बाजूला काढले, आणि रिटायर झाल्यावर आता सातारा जिल्ह्यात माझं छोटं गॅरेज आहे. म्हणजे दोन्ही बाजू बघितल्यात, थंडीत गाडी कशी मरते तेही आणि आपल्याकडची मंडळी गाडी कशी तयार करून (किंवा न करता) वर पाठवतात तेही.

तुमच्या तीन प्रश्नांच्या खाली खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही प्लॅनमधे लिहिलंय "सकाळी ५ ला सिस्सू सोडायचं म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही". ही आपली महाराष्ट्रातली सवय. कोकणात जायचं असो, तुळजापूरला जायचं असो, पहाटे निघायचं, उन्हाच्या आत घाट उतरायचा. आपल्याकडे ते बरोबरच आहे. पण तिकडे जानेवारीत पहाटे ५ ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, कारण बॅटरी तेव्हा सगळ्यात अशक्त असते, ऑइल सगळ्यात घट्ट, डिझेल सगळ्यात जाड, काचेवर बर्फ, रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत बर्फ, आणि तुमचा हीटर अजून थंड. तेच सगळं साडेदहाला, ऊन रस्त्यावर आल्यावर, निम्म्याने सोपं होतं. तर पहिलं काम, प्लॅनमधल्या त्या पाचावर काट मारा.

आता हीटरचं. हीटर म्हणजे आपल्या डिझेल-पेट्रोल गाडीत वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवायला जो कूलंट फिरतो तोच गरम झाल्यावर डॅशबोर्डच्या आत एका छोट्या रेडिएटरमधून जातो आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. बास. म्हणजे इंजिन गरम नाही तोवर हीटर नाही. काही गाड्यांत सुरुवातीला मदतीला छोटा विजेचा हीटर असतो, पण भर इंजिनावरच. म्हणून चावी फिरवल्या फिरवल्या तापमान फुल आणि ब्लोअर ४ वर टाकून बसू नका, गार हवा अंगावर येते, बॅटरीवर ताण पडतो. ब्लोअर बंद किंवा १ वर, हवेचा रोख काचेवर, आणि तापमानाचा काटा हलायला लागला की मग वाढवा. डिझेल इंजिन उभ्या उभ्या फार हळू तापतं, उणे दहाला तर पंधरा मिनिटं उभी ठेवलीत तरी काटा धड वर येत नाही, चालवलीत की पाच-सहा किलोमीटरमधे येतो. हीटरला वेगळं डिझेल जळत नाही, इंजिनाची जी उष्णता तशीही बाहेर टाकायची होती तीच आपण आत घेतो, त्यामुळे तिथे काटकसर करायची गरज नाही.

नंबर विचारलात तर, क्लायमेट कंट्रोल असेल तर २० ते २२ पुरे. त्याच्या वर नेलं की आतले सगळे पेंगायला लागतात आणि ड्रायव्हरही. आत-बाहेर हवेचं जे बटण असतं, गाडीच्या चित्रात गोल बाण, ते थंडीत बंद ठेवायचं म्हणजे बाहेरची हवा आत येऊ द्यायची. लोकांना वाटतं बाहेरची हवा गार, ती कशाला घ्यायची. पण ती गार हवा कोरडी असते, गरम झाली की काचेवरची वाफ पिऊन घेते. आतलीच हवा फिरवत बसलात तर पाच जणांचा श्वास आतच राहतो आणि दहा मिनिटांत सगळ्या काचा धुरकट. पावसाळ्यात वरंधा घाटात किंवा आंबोलीत काच धुरकटली की आपण एसी लावतो ना, तेच तत्त्व, एसी हवेतलं पाणी काढतो, आणि हीटर बरोबर एसीचं बटणही दाबलं तर काच झटकन साफ होते. फक्त बाहेर शून्याच्या आसपास गेलं की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्रेसर स्वतःच चालू होत नाही, तेव्हा बाहेरची हवा आणि गरमी एवढ्यावरच भिस्त.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. मुलं बर्फात खेळून येतात, बुटांना बर्फ, तसेच गाडीत बसतात. तो बर्फ मॅटवर वितळतो, मॅट रात्रभर ओली, आणि सकाळी काच आतून गोठलेली. बाहेरून खरवडता येते, आतून खरवडायला फार त्रास होतो. दारात बूट आपटून बसायचं, मॅट रात्री काढून खोलीत न्यायची. ड्रायव्हरने तर बूट पुसूनच बसायचं कारण ओला तळवा क्लचवरून घसरतो. मुलांना जाडजूड जॅकेट घालून वरून बेल्ट लावू नका, बेल्ट घट्ट वाटतो पण आत सगळी हवा असते आणि धक्का बसला की मूल बेल्टमधून पुढे जातं. आधी जॅकेट काढा, बेल्ट अंगाला लावा, मग जॅकेट वरून पांघरा.

आता हीटरचाच दुसरा भाग आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही सहज लिहून गेलात की "वाटेत अडकलो तर हीटर लावून गाडीतच झोपू". असं झोपायचं नाही. सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपेतच जातो. बर्फ पडत असेल तर मागचा पाइप बर्फात बुजतो आणि तो धूर गाडीखालून आत शिरतो. जानेवारी २०२२ मधे पाकिस्तानात मरी या हिलस्टेशनला बर्फात शेकडो गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गाड्यांमधेच गेली, लहान मुलंसुद्धा, त्यात काही मृत्यू या वायूनेच झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. हे घाबरवायला लिहीत नाहीये. अडकलातच तर काय करायचं ते ठरलेलं असावं म्हणून लिहितोय : आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा, दर वेळी इंजिन चालू करायच्या आधी पुन्हा काढा, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा आणि बंद करा, वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी, आणि मोठ्यांपैकी एक जण जागा. बाकी वेळ ब्लँकेट. माणसामागे एक ब्लँकेट, खायला काहीतरी आणि पाणी गाडीत पाहिजेच, हॉटेलच्या खोलीत ठेवून उपयोग नाही. गाडी सोडून बर्फात चालत निघू नका, आणि ११२ या आपत्कालीन नंबरला फोन लागतोय का बघा.

इंजिन स्टार्ट करायचं काम खरं तर पुण्यातच होतं. म्हणजे सेल्फ तिकडे मारायचा पण तो लागेल की नाही हे इथे ठरतं.

बॅटरी आधी. उणे अठराच्या आसपास चांगल्या बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. पुण्याच्या हवेत जी बॅटरी "चालतेय की" म्हणून चालते ती तिथे पहिल्याच सकाळी टिक-टिक करून बसते. तुमची गाडी चार वर्षांची, बॅटरी कंपनीतून आली तीच असेल तर मी सरळ नवीन टाका म्हणेन. नाहीतर किमान लोड टेस्ट (ताण देऊन बॅटरीची तपासणी) करून घ्या, आणि रात्रभर उभ्या गाडीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला पाहिजे, १२.२ दाखवत असेल तर ती बॅटरी घेऊन वर जाऊ नका. भरलेली बॅटरी गोठत नाही म्हटलं तरी चालेल, पण उतरलेल्या बॅटरीत नुसतं पाण्यासारखं द्रव उरतं आणि ती उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. गोठलेल्या, फुगलेल्या बॅटरीला कधीही जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची केबल) लावू नका, फुटते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने इथेच धुऊन घट्ट करून घ्या.

मग कूलंट, आणि इथे माझा जीव खरोखर तुटतो. आपल्याकडे पंपावर, ढाब्यावर, जिथे जागा मिळेल तिथे रेडिएटरमधे नळाचं पाणी टाकतात. आपल्या हवेत लगेच काही बिघडत नाही म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि त्याला जागा नसेल तर ते लोखंडसुद्धा फोडतं. द्रासला मी नवीन होतो तेव्हा एका रात्री एका गाडीत कुणीतरी कमी पडलं म्हणून साधं पाणी भरलं, सांगितलं नाही. सकाळी मी बोनेट उघडलं तर इंजिन ब्लॉकला बोटभर रुंद चीर, आणि त्यातून बर्फ बाहेर आलेला, जसा पापुद्रा फुटून गर यावा तसा. ते इंजिन गेलं. मागच्या वर्षी माझ्याकडे एक गाडी आली, मालक काश्मीरला जाऊन आलेले, रेडिएटरची टाकी फुटलेली आणि हीटरचा आतला कोअर (तोच छोटा रेडिएटर) पण, म्हणजे अख्खा डॅशबोर्ड खोलायचं काम. वाटेत कुठेतरी बाटलीने पाणी टाकलं होतं इतकंच.

तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण उणे ३५ च्या पलीकडे धरतं. एक तृतीयांश कूलंट असेल तर उणे १७-१८ पर्यंतच. आणि गंमत बघा, नुसतं शुद्ध कूलंट भरलं तर ते उणे १२-१३ लाच गोठतं, म्हणजे जास्त टाकलं की जास्त चांगलं असं नाही. बाजारात तयार मिसळलेलं मिळतं त्यात पाणी टाकायचं नाही, आणि घट्ट मिळतं त्यात टाकायचंच. डब्यावर वाचा. तुमच्या गाडीत आत्ता काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही, रंगावरून तर अजिबात नाही. गॅरेजमधे रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बिणीसारखी वस्तू असते, एक थेंब टाकला की किती उण्यापर्यंत धरेल ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. तुमच्या मेकॅनिककडे नसेल तर कूलंट पूर्ण काढून नवीन भरायला सांगा, तसंही चार वर्षं झालीत.

इंजिन ऑइलचं थोडक्यात : डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं त्यात डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे दिलंय त्यातला लहान आकड्याचा ग्रेड घ्या, ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू. कुणी १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० भरून दिलं असेल तर बदला, सकाळी ते मधासारखं होतं.

डिझेल. हे समजायला खोबरेल तेलाची बाटली आठवा. थंडीत आपल्या घरात ती गोठते, पहिल्यांदा दुधाळ होते, मग घट्ट. डिझेलमधे मेण असतं, थंडीत ते तसंच बाहेर पडतं आणि फिल्टरची छिद्रं बुजतात, इंजिन फिरतं पण डिझेलच पोचत नाही. आपल्या देशातल्या मानकात डिझेल फिल्टरमधून जायला किती थंडीपर्यंत चालेल त्याची मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश अशी वेगवेगळी आहे, म्हणजे आपल्याकडचं डिझेल शून्याखाली चालण्यासाठी बनवलेलंच नसतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मधे खास हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ पर्यंत पातळ राहणारं, त्याच्या आधी आम्ही आणि तिथले ट्रकवाले काय काय करायचो ते सगळं सांगण्यासारखं नाही. टाकीखाली शेकोटी पेटवून डिझेल पातळ करणारे मी बघितलेत, आणि त्यात जळालेला ट्रकही बघितलाय. तुम्ही एवढंच करा, वर जाताना टाकी खालच्या मैदानातल्या डिझेलने भरून आणू नका, मंडी शहराच्या पुढे कमी ठेवा आणि मनालीत पोचल्यावर तिथल्या पंपावर फुल करा, दोनदा भरायची वेळ आली तर दोन्ही वेळा तिथेच. डिझेल फिल्टर निघण्याआधी नवा टाका. जुने ड्रायव्हर रॉकेल मिसळा म्हणतील, जुन्या पंपाच्या गाड्यांत ते चालून जायचं, तुमच्या कॉमन रेलच्या (फार जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाडीत मिसळलंत तर रॉकेलला वंगण नसल्यामुळे पंप आणि इंजेक्टर घासतात आणि तो खर्च ट्रिपपेक्षा मोठा होईल. पेट्रोल गाडीला हा डिझेल गोठण्याचा त्रास नाही, म्हणून मला कुणी विचारलं तर जानेवारीत वर जायला मी पेट्रोलच चांगली म्हणतो. बीएस सहा डिझेलमधे एडब्लू (धूर साफ करायला लागणारं द्रव) टाकायची टाकी असेल तर ते उणे ११ ला गोठतं, पण गाडीत त्याला स्वतःचा हीटर असतो, गाडी चालली की वितळतं, काळजी नको. फक्त वेगळा कॅन डिकीत ठेवू नका.

सकाळी प्रत्यक्ष सेल्फ मारताना. दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, मोबाइलचा चार्जर, गाणी, सगळं बंद. क्लच पूर्ण दाबा म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल सेल्फला फिरवावं लागत नाही. चावी ऑन करा आणि डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं चित्र असतं तो ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा, आपले मेकॅनिक त्याला हीटर प्लगच म्हणतात, तो सिलिंडरच्या आतली हवा तापवतो. फार थंडी असेल तर चावी बंद करून पुन्हा ऑन करा, दोन-तीन वेळा, मग सेल्फ. बटणाची गाडी असेल तर क्लच न दाबता बटण दाबून आधी इग्निशन ऑन करा, तोच परिणाम. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाही लागली तर मिनिटभर थांबा. घरघर घरघर करत राहिलात तर बॅटरी पण जाते आणि सेल्फची मोटर पण. तीन-चार प्रयत्नांत नाही लागली तर तिथेच थांबा आणि चहा प्या, ऊन येऊ द्या. हे मी मनापासून सांगतोय, दोन तासांनी तीच गाडी पहिल्या सेल्फला लागलेली मी कितीतरी वेळा बघितली आहे.

जंपर केबल स्वतःची घ्या, जाड तांब्याची. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रमाने.

गाडी लागली की एक्सलेटर दाबून गुर्र करू नका. ऑइल अजून वर चढलेलं नसतं, टर्बो कोरडा फिरतो. तुमच्या "किती मिनिटं" चं उत्तर : मनालीत एक-दोन मिनिटं, सिस्सूला उणे दहाच्या खाली असेल तर चार-पाच, त्याच्यापुढे नाही, कारण तेवढ्यात ऑइल पोचतं आणि उरलेलं गरम होणं चालवतानाच होतं. हळू, दोन हजार आरपीएमच्या आत, पहिले काही किलोमीटर. तासभर उभी चालू ठेवली तर बीएस सहा मधला काजळीचा फिल्टर म्हणजे डीपीएफ भरत जातो, आणि तो डोंगरात भरला तर मोकळा करायला तिथे हायवे नसतो. त्या चार मिनिटांत काचा साफ करा, पुढची नुसती खिडकीएवढी नाही तर सगळ्या, छतावरचा बर्फ पण, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. प्लास्टिकचा स्क्रॅपर घ्या, जुनं कार्डही चालतं. रात्री वायपर उचलून ठेवा आणि काचेवर एक जाड चादर किंवा ताडपत्रीचा तुकडा दारात अडकवून टाका, सकाळचं निम्मं काम वाचतं. वायपरच्या टाकीत पाणी असेल तर ते निघायच्या आधी मारून संपवा आणि थंडीत चालणारा वॉशर भरा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. ओल्या पॅड नाहीतर केबल गोठली तर सकाळी चाक सुटत नाही. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमधे टाका आणि चाकाला दगड लावा, सकाळी तो दगड काढायची आठवण म्हणून चावीला काहीतरी बांधा. इलेक्ट्रॉनिक ब्रेक असेल तर तो आपोआप लागतो, बंद कसा ठेवायचा ते पुस्तकात बघून इथेच एकदा करून बघा. घराच्या उतरत्या पत्र्याखाली गाडी लावू नका, वरचा बर्फ रात्री एकदम खाली येतो.

आता चालवणं. ताज्या बर्फाची लोकांना भीती वाटते, मला नाही. मला भीती आहे ती काळ्या बर्फाची. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि ऊन गेल्यावर गोठतं, वरून नुसता ओला डांबरी रस्ता दिसतो. डोंगराच्या सावलीतली वळणं, पूल, नाला आडवा जातो ती जागा, आणि बोगद्याचं तोंड. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत कोरडा आणि वाऱ्यापासून वाचलेला, माणूस आरामात येतो आणि लाहौलच्या बाजूला बाहेर पडल्या पडल्या चकचकीत पांढरा उजेड आणि खाली बर्फ. आतच वेग कमी करा, गॉगल हाताशी ठेवा. ही सगळी उंची ३,००० मीटरच्या वर आहे, सिस्सूचं खोरं अरुंद, ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. ही अतिशयोक्ती वाटेल पण शून्याजवळचा, वर पाण्याचा पातळ थर आलेला बर्फ हा उणे पंधराच्या कडक बर्फापेक्षा जास्त घसरतो, म्हणजे संध्याकाळी चार ते सहा आणि सकाळी ऊन लागायला सुरुवात होते ती पहिली वेळ जपायची.

घसरणारा रस्ता असेल तर तीन गोष्टी एकदम करायच्या नाहीत : ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअर. वळणाच्या आधी सरळ असताना वेग संपवा, मग वळा, मग हळू एक्सलेटर. निघताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर, क्लच एकदम सावकाश सोडा. उतारावर दुसऱ्या गिअरवर इंजिनाच्या ब्रेकने उतरा, न्यूट्रल कधीच नाही, आणि गिअर उतरवताना क्लच झटक्यात सोडला तर चाकं तिथेच अडकून घसरतात हे लक्षात ठेवा. गाडी घसरलीच तर दोन्ही पाय पेडलवरून वर, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडे स्टिअरिंग, दरीकडे बघू नका. एबीएस असेल आणि ब्रेक मारावाच लागला तर दाबून धरा, पाय थरथरला तरी सोडू नका, ते त्याचं काम करतंय. चढावर समोरची गाडी पूर्ण वर जाईपर्यंत खाली थांबा, कारण ती मागे घसरत आली तर तुमच्याकडे जागा पाहिजे. फोर बाय फोर असेल तर एक समजून घ्या, ती निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबताना सगळ्यांना चारच चाकं असतात.

टायर गोटा झालेले असतील तर बाकी सगळं लिहिलेलं विसरा आणि आधी टायर घ्या. हवेचं प्रेशर थंडीत साधारण दर पाच-सहा अंशाला एक पीएसआय पडतं, पुण्यात २५ अंशाला भरलेली हवा उणे दहाला सहा पीएसआय कमी दाखवेल, तर मनालीत सकाळी गाडी थंड असतानाच तपासून पुस्तकातल्या आकड्यापर्यंत भरा. बर्फावर पकड येते म्हणून हवा काढायचा सल्ला देतील, घाटातल्या डांबरी रस्त्यावर तो नको.

चेन घ्याच. पण तुमच्या टायरवर लिहिलेल्या साइजच्याच, आणि ज्या चाकांना इंजिन फिरवतं त्यांना, पुढची फिरत असतील तर पुढे. चेन लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन पुन्हा आवळायची, वेग तीसच्या आत, आणि बर्फ संपून डांबर लागलं की काढायची, नाहीतर तुटून आतला ब्रेकचा पाइप फाडते. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधे दोनदा लावून-काढून बघा, एकदा हातमोजे घालून. बर्फात गुडघ्यावर बसून पहिल्यांदा शिकायला जाणं फार कठीण. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे नेहरू कुंड किंवा सोलंगला पोलिस फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच पुढे सोडतात, आणि त्यांनी थांबवलं तर वाद घालू नका, तिथली लोकल टॅक्सी घ्या. तो माणूस वर्षानुवर्षं तोच रस्ता चालवतोय.

इथपर्यंतचं परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. त्या आठवड्यात बर्फ पडला नसेल तर मनाली ते सिस्सू कोरडा रस्ता मिळेल आणि यातलं निम्मं लागणार नाही. पडला असेल तर चेन असूनही मी स्वतः पाच माणसं घेऊन जाणार नाही. तुमच्या आईंसाठी उंचीचाही विचार करा, आधी मनालीत दोन रात्री काढून मगच वर, आणि बीपी किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मला विचाराल तर सिस्सूची रात्र काढून टाका. मनालीतच राहा, दहा-साडेदहाला निघा, बोगदा ओलांडा, मुलांना बर्फात खेळू द्या, गरम राजमा-भात खा, आणि तीनच्या आत परत बोगद्यात शिरा. म्हणजे वरची गोठवणारी सकाळ, वरचा सेल्फ, वरचं पार्किंग सगळंच टळतं, आणि मुलांना जे बघायचंय ते सगळं मिळतं.

पुणे ते मनाली जवळपास दोन हजार किलोमीटर आहे, ते दोन दिवसांत मारू नका. उत्तरेत जानेवारीत सकाळी धुकं असतं, तिथेही पहाटे निघायचं नाही, धुकं उठल्यावर निघायचं.

जायला अजून महिना आहे असं लिहिलंय तुम्ही, वेळ पुरेसा आहे. बॅटरीवर छापलेला महिना-वर्ष, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आणि टायरच्या बाजूला लिहिलेली साइज ही तीन माहिती मला इथेच टाका, मग चेन कुठली बसेल आणि तुमच्या गाडीत पुढच्या चाकाच्या आत तिला जागा आहे का ते बघून सांगतो.